मेन पाडला का

डिसेंबर, पहाटे साडेपाच, प्रतापनगर.
नळाखाली हात धरून उभा आहे केव्हाचा.
गार. अजून गार.
गिझरचा लाल दिवा विझलेला
आणि सात अंशांची हवा
खिडकीच्या फाटक्या जाळीतून थेट मानेवर.

मे महिन्यात हाच नळ
दुपारी उघडला तर बोटं भाजतात.
गच्चीवरची काळी टाकी फुकटात उकळते,
आपण शिव्या घालतो,
बादली भरून रात्रीपर्यंत निवत ठेवतो.
त्यातलं तांब्याभर
हिवाळ्यासाठी बाजूला काढता येत नाही.

आधी स्विच. खाली, वर, खाली, वर.
मग पॅसेजमधला एमसीबी: जागच्या जागी.
मग बाजूच्या सॉकेटला चार्जर लावून पाहिला,
फोन मुकाट चार्ज होऊ लागला.
म्हणजे वीज येते आहे भिंतीपर्यंत,
कोराडीहून इतकी लांब येते
आणि शेवटच्या वीतभर वायरपाशी
रुसून बसते.

सोनकुसरेला फोन लावला.
"लग्नाले आलो न भाऊ, तुमसरले.
सोमवारी पाहून घेऊ."
आज गुरुवार.

स्टूल घेतलं. झाकणाचे चार स्क्रू,
तीन निघाले,
चौथा गंजून भांड्याचाच झालेला.
त्याच्यावर जोर लावत होतो
तेवढ्यात मागून:

"मेन पाडला का बे?"

अकरा दिवसांतलं पहिलं वाक्य.
बेसाचा प्लॉट विकून टाकू असं मी म्हणालो
त्या संध्याकाळपासून
बाबा आणि मी मीठसुद्धा
मृणालमार्फत मागतो.

नव्हता पाडला.
नुसता स्विच बंद करून चढलो होतो.

ते काही बोलले नाहीत. मफलर सावरत गेले,
खटका पाडला,
घरभर अंधार, फ्रिजने एक सुस्कारा सोडला.
परत आले ते
अंबाझरीच्या फॅक्टरीतला टेस्टर घेऊन,
चौतीस वर्षांत पिवळी मूठ
त्यांच्या अंगठ्याच्या आकाराची झालेली.
"दोन्हीकडं लावून पाहाय.
पाडला म्हनून भरोसा नोको ठेवू."

मी पाहिलं. दोन्हीकडं मेलेलं.
मोबाइलच्या उजेडात चौथा स्क्रूही सुटला
(त्यांनी सुचवलं: आधी घट्ट कर, मग सोड).

आत धूळ, पालीचं एक अंडं, वायरी,
आणि त्यांच्यामध्ये
पेरापेक्षा लहान एक बटण,
जरासं वर आलेलं.

"हा पाय. कटआउट.
लय तापलं की हा आपला आपन तुटते,
घर जळू नये म्हनून.
मंग कोनी दाबेपर्यंत
तसाच राहते."

मी बटणाकडेच पाहत राहिलो.
"पण इतकं तापलं कशानं?"
"खार. बोअरचं पानी हाय.
कॉइलवर चढला असन बोटभर.
आतली गरमी पान्याले भेटत नाही,
तिची तिलेच भेटते."

"दाबू?"
"मले काय इचारतं? दाब."

टक्.
बस, एवढाच आवाज.

झाकण लावलं. मेन वर. लाल दिवा.
बाबा उलट्या बादलीवर बसले,
पाय मोरीच्या कडेला, हात काखेत.
"वीस मिनटं लागन," म्हणाले,
आणि उठले नाहीत.
मी स्टुलावर.
टाकीत काहीतरी बारीक तडतडू लागलं.

सोमवारी कॉइल काढायची,
नीट खरवडायची,
तोवर पाणी तापलं की लगेच बंद करायचं,
एवढं ठरलं.
बेसाचं नाव
त्यांनी काढलं नाही, मीही नाही.
बाहेर दुधाच्या पिशव्या दारात आपटल्या.

मग त्यांनी हात लांबवून नळ सोडला,
पंजाची पाठ धरली धारेखाली,
पोराचा ताप पाहावा तशी.

"कोमट," म्हणाले.
"बंद कर. थांबू अजून."