नवांतला एक चौक

पायरीची उंची अकरा सेंटीमीटर.
झ्दिस्लावा पुन्हा मोजते,
कारण अकरा कोणी ठेवत नाही.
शाळेत सोळा, कचेरीत सतरा,
राजवाड्यात जराशी कमी, झगे अडखळू नयेत म्हणून.
इथे अकरा.
कोणीतरी बसून हिशेब केला असणार
लाकडी पाय किती उचलतो याचा.

टेपचं दुसरं टोक धरून वेंदेलीन खाली उभा,
गेल्या हिवाळ्यात गुडघा बदललेला.
"लिही अकरा," तो म्हणतो,
"मला पटतंय."

प्रागच्या या कडेला, नदी जिथे कूस बदलते,
नऊ चौकांचा आराखडा काढला होता.
तीन गुणिले तीन.
मधोमध प्रार्थनामंदिर, भोवती भटारखाने, दवाखाना, फळबागा,
आणि चार हजार म्हातारे शिपाई,
त्यांच्या बायका, त्यांचे खोकले.
बांधून झाला एक. कोपऱ्यातला.
मग पैसे संपले, म्हणजे दुसरीकडे लागले.
युद्धं मात्र नकाशाबरहुकूम पुरी झाली.
नवांतलं एकच करून
उरलेली आठ कोणी सोडून दिली नाहीत.

पूर्वेच्या भिंतीला अजून दाते आहेत.
एक वीट बाहेर, एक आत,
पुढचा चौक येऊन अडकेल म्हणून गवंड्याने ठेवलेले.
पारव्यांनी त्यांत काटक्या खोचल्यात.
झ्दिस्लावा तिथे तळवा टेकते,
ताप आहे का बघावं तसा.

आत कमानींखाली गारवा, चुन्याचा वास.
ओवरीची रुंदी मोजते:
दोघे कुबड्यांवाले समोरासमोर आले
तरी कोणाला भिंतीला टेकायला नको.
खिडकीचा कट्टा खाली उतरवलेला,
बसल्या माणसाला अंगण दिसेल इतका.
फरशीवर गोल खळगे, नाण्याएवढे.

"खुर्च्यांचे," वेंदेलीन म्हणतो.
पण खुर्चीला चार पाय असतात.
हे एकेकटे,
हातभर अंतराने चालत चालत
खिडकीपर्यंत जातात
आणि तिथे
दाट होतात.

"खुर्च्यांचेच," तो पुन्हा म्हणतो. ती वाद घालत नाही.

दाराशी पुराची रेघ, छातीच्या वर.
त्या ऑगस्टात इथे शिपाई नव्हते, त्यांचे कागद होते.
वेंदेलीनने ते उचलले, चिखलासकट,
ओल्या वह्या शीतगृहात नेऊन गोठवल्या,
ओळख पटायची राहिलेल्या माणसांसारख्या.
एक पान त्याला आठवतं.
नाव, पलटण, गेलेला अवयव, मिळालेली खोली.
चार रकाने होते,
शाई वाहून
एकच झाला होता.
"खोलीचा आकडा तेवढा वाचता येत होता," तो सांगतो,
"बावीस की बत्तीस, देव जाणे.
मी दोन्हीकडे जाऊन बघितलं.
काय बघायचं होतं, विचारू नकोस."

दुपारी बाहेर येतात.
दुसऱ्या चौकाच्या जागी गाड्या लावलेल्या.
तिसऱ्यात बसथांबा.
पाचव्यात, जिथे घंटा वाजायची होती,
एक बाई कुत्र्याची वाट बघत उभी,
कुत्रा हुंगतोय
न घातलेल्या पायाचा कोपरा.

झ्दिस्लावा कागद उलटा करते, मग सुलटा.
अहवालात एक चौकट आहे: बांधकाम पूर्ण / अपूर्ण.
तिथे पेन्सिलीचा ठिपका पडतो, नुसता.

वेंदेलीन पाव मोडतो,
अर्धा तिला देतो,
अर्धा चघळत आठव्या चौकाच्या भिंतीतून
सरळ चालत जातो,
लंगडत, पण न अडखळता.
मागून ती ओरडते,
टोक सोडू नकोस,
अजून मोजायचंय.
पिवळी पट्टी त्याच्यामागे उलगडत राहते
गवतावरून.