दीड सेकंद

सेमिनार हॉलमध्ये विद्यापीठाच्या पेपरांचे गठ्ठे,
म्हणून आमचं प्रशिक्षण वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत.
बरणीत केळीचं रोगट पान,
आणि आम्ही अठरा जण उंच स्टुलांवर, पाय लोंबकळत.
चोपड्याचा मे महिना. वर पत्रा.
बोरोले मॅडमनी फळ्यावर लिहिलं : सहाध्यायी मार्गदर्शक.
मागून कुणीतरी विचारलं, "म्हंजे दादा ना?"
मॅडम म्हणाल्या, "नाही. दादा आधीच खूप आहेत."

मी नाव दिलं ते प्रमाणपत्रासाठी.
खोटं कशाला बोलू.
शिवाय वाटायचं, सल्ला तर मला येतोच :
कुठले सर तोंडी परीक्षेत सोडून देतात,
स्कॉलरशिपचा फॉर्म कुठल्या खिडकीत,
आणि क्लार्कच्या चहाच्या आधी की नंतर.

पहिला सराव. समोर गुलसिंग बारेला,
हातात चिठ्ठी : 'प्रथम वर्ष. इंग्रजीची भीती.'
वाचता वाचता त्याने ती दुमडत नेली,
एसटीच्या तिकिटाएवढी केली,
आणि म्हणाला,
"होस्टेलच्या यादीत नाव लागेपर्यंत
मी बावीस रात्री स्टँडवर झोपलो होतो.
पेटी उशाला."

मी म्हणालो, "अरे, मग प्राचार्यांना भेटायचं ना!
अर्ज द्यायचा, पोच घ्यायची..."

"हो ना," तो हसला.
चिठ्ठी उलगडली,
आणि मुकाट इंग्रजीच्या भीतीकडे परत गेला.

मॅडमच्या हातात घड्याळ होतं.
माझ्या कागदावर त्यांनी लिहिलं : दीड सेकंद.
ना गुण, ना शेरा.

आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, यावल रोडला.
पंप आला की बाप आधी पाना उचलत नाही.
चालू मोटरच्या बेअरिंगवर पेचकसाचं टोक टेकवतो,
मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो.
शेजारी शेतकरी घायकुतीला आलेला, "केळी वाळी ऱ्हायनी, भाऊ!"
बाप नुसतं बोट वर करतो.
आठ वर्षांचा होतो तेव्हापासून
मी त्याला बॅटरी धरतोय,
कधी विचारलं नव्हतं.
त्या रात्री विचारलं, काय ऐकू येतं?
शटर ओढता ओढता म्हणाला,
"पह्यले आपलाच कानना आवाज येस.
तो थांबना, का मंग मोटरना."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता लाईट गेली.
पंखा दमत दमत थांबला
आणि प्रयोगशाळेत कधी नव्हती एवढी शांतता आली.
मॅडम फाईलने वारा घेत होत्या,
घड्याळ टेबलावर पालथं.
गुलसिंग समोर. मी काहीच विचारलं नाही.
खरं तर एक वाक्य तयार होतं, चांगलं होतं,
पुस्तिकेतल्या पान सातवरचं.
घामाचा थेंब कोपरापर्यंत गेला. पडला.
दुसरा निघाला.

"भीती नव्हती रे," तो म्हणाला.
"लाज होती.
सकाळी स्टँडच्या नळावर तोंड धुताना
वर्गातलं कुणी बसमधून उतरेल, याची."

पान सात जिभेवरच वाळलं.
बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "पाणी आहे का?"
मी बाटली दिली. कोमट होती.
त्या दिवशी कुणी सेकंद मोजले नाहीत.

जुलै. कॅन्टीनमागे एक टेबल, दोन स्टुलं,
पुठ्ठ्यावर आमची नावं.
आठवडाभर फक्त माश्या आल्या,
आणि एकदा चहावाला, टेबल परत मागायला.

मग एक मुलगी.
"झेरॉक्स कुठे मिळते?"
"ग्रंथालयामागे. पानाला दोन रुपये."
"हं," म्हणाली.
गेली नाही.
बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली,
सोडत राहिली.

तोंडाशी आलं होतं, काय झालं?
आलं होतं, घाबरू नकोस.
मी पायाने दुसरं स्टूल पुढे सरकवलं.
"बठ आठे," एवढंच निघालं, घरातलं.

स्टूल डुगडुगलं. ती बसली.
आधी माझ्याच कानाचा आवाज आला.