वीस रिकाम्या ओळी

पवनीच्या पुढं अकरा किलोमीटर, उपकेंद्रात,
गुरुवार माझा.
लसींच्या फ्रीजशेजारी एक टेबल, दोन खुर्च्या,
एकीचा पाय विटेवर.

सुगत लोणारे, वय बावीस, आयटीआय फिटर.
आईनं दंडाला धरून आणलेला.
मी फॉर्म पुढं सरकवला:
‘मी ________ आहे.’
असं वीस वेळा.

त्यानं पेनाचं टोपण काढलं,
पुन्हा लावलं.
“मी नाई,” म्हणाला.
फॉर्म भरणार नाही, असं नव्हे.
मी नाही, एवढंच.
आरशात शर्ट दिसते, म्हणाला,
शर्टात कोनी नाई.

मी लिहिलं: स्वतःपासून तुटल्याची भावना, सात आठवडे.
झोप: तीन तास. भूक: नाही.
नागपुरात दोन वर्षं शिकले मी हे,
की ‘मी’ म्हणजे एक बांधकाम,
पहिली वीट आईच्या नजरेची;
भिंत फुगली की टेकू द्यायचा.
टेकू देणारीला मानधन, तेही तीन महिन्यांनी.

पंचफुलाबाई इतका वेळ गप्प होती.
“म्याडम, वर्षावासात भंतेजी सांगत होते,
रूप मी नाई, वेदना मी नाई, मन बी मी नाई.
आमी साधू साधू म्हटलं, खीर खाल्ली.
आता माहा पोरगा थेच म्हणते
तं तुमी त्याले गोळी देता.
खरं कोन बोलून रायलं?”

फ्रीज घरघरला.
दोन्ही ‘नाही’ वेगळे असतात, मी म्हणाले.
कसे, ते तिनं विचारलं नाही.
बरं झालं.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. मी गेले.
अंगणात चुलीवर हंडा, सोड्याचा उग्र वास,
हंड्यात कोसे उकळत.
पंचफुलाबाई लुगडं वर खोचून बसलेली,
पाच कोशांची पाच टोकं शोधून
मांडीवर वळत होती एक धागा.
मांडीचा तेवढा भाग घासून चकचकीत झालेला.
उलगडता उलगडता कोसा पातळ झाला,
मग नव्हताच.
आतला तपकिरी किडा तिनं कोंबड्यांकडं फेकला.

बाजूच्या टोपलीत भोकं पडलेले कोसे.
“थे हलके. पाखरू आपल्यानं उडालं त्यातलं.
धागा तुटक निघते, पन फेकत नाई आमी.”

मी वहीत लिहून घेतलं:
उडून गेलेलं आणि उकळून गेलेलं,
कोसा दोन्हीकडं रिकामाच.
उपमा चांगली होती.
भिंतीला टेकून बसलेल्या सुगतला
तिचा काही उपयोग नव्हता.

त्याच्याकडं बघत बसले.
आपल्याकडं राग येतो, झोप लागते,
कंटाळा येतो, आठवण होते.
सगळं पाहुण्यासारखं येतं आणि जातं,
‘मला’ नुसता उंबऱ्यापाशी उभा,
पाण्याचा तांब्या घेऊन.
‘मी दुःखी आहे’ असं इथं कोण म्हणतं?
फॉर्म कोणत्या भाषेतून आला
ते खाली बारीक अक्षरात छापलेलं असेल.
माझा चष्मा पर्समध्ये होता.

कोंबड्या किड्यावरून भांडत होत्या.
“भूक लागली,”
सुगत म्हणाला.
‘मले’ नाही म्हणाला. मी नीट ऐकलं.
नुसतं, भूक लागली.

कोणाले, असं आईनं विचारलं नाही.
सोड्याचे हात राखेनं घासले, धुतले,
भात वाढला, लाखोरीची डाळ,
मिरचीचा ठेचा काठाला.
तो जेवला. बोटं चाटली.

मी फॉर्म काढला. वीस ओळी तशाच.
वरच्या रकान्यात ‘भूक’पुढचं ‘नाही’ खोडून
लिहिलं: लागली.

“तुमी बी बसा,” म्हणाली,
आणि दुसरं ताट काढलं.