अकरा फरश्या

मंगळवारी साडेचारला, स्वान्सीत, चॅपलच्या वरच्या खोलीत
दिल्वेन म्हणते: आपापली खुर्ची ठेवा
जिथे बसून नीट श्वास घेता येईल तिथे.
आणि स्वतः हीटरवर हात शेकत बसते.

मॅक्सन दाराशी. पंधरा वर्षांचा, ओठावर कापल्याची खूण;
दाढी करायला फोनवरच्या कुणा परक्यानं शिकवली.
मी खिडकीखाली, पर्स मांडीवर, जशी काही बस येणार आहे.
गेथिन मधोमध उभा,
खुर्ची हातातच,
कुणीतरी जागा सांगेल म्हणून.
साडेपाच वर्षं त्याला जागा सांगितल्या गेल्या.

मी फरश्या मोजल्या. त्याच्यापासून माझ्यापर्यंत अकरा.
घरच्या पलंगावर एवढ्या मावत नाहीत,
तरी असतात.

खरं सांगायचं तर तो नव्हता तेव्हा
मला बॉयलर दुरुस्त करता यायला लागला.
पलंगाच्या मधोमध झोपता यायला लागलं.
दोन मंगळवार मी हे गिळलं.
तिसऱ्या मंगळवारी बोलले, तर तो म्हणाला, "बरं झालं."
ते "बरं झालं" आठवडाभर
दाढेत अडकल्यासारखं जिभेनं उकरत राहिले.

धाकटी नॉन सहा वर्षांची. तिला मी सांगितलं होतं,
बाबा समुद्रात, तेलाच्या रिगवर कामाला.
आज तिनं खुर्ची घेतलीच नाही, जमिनीवर फतकल मारली
आणि विचारलं, "तिथे देवमासे दिसायचे?"

मॅक्सननं माझ्याकडे पाहिलं. दिल्वेननं कुणाकडेच नाही.
गेथिननं खुर्ची खाली ठेवली. कुठे ठेवली
ते त्याच्याही लक्षात नसावं.
"समुद्र दिसायचा नाही," तो म्हणाला. "भिंत होती.
वारा तिकडून असला की ऐकू यायचा.
आणि सीगल यायचे, पाव पळवायला."
"रिगला भिंत असते?"
"ती रिग नव्हती, नॉन."

हीटर टकटकत राहिला.
पुढचं वाक्य माझं होतं; थाप माझी होती ना.
पर्स खाली ठेवली. सांगितलं. तुरुंग हा शब्दसुद्धा.
ती बराच वेळ बुटाचा पट्टा लावत-काढत बसली.
"म्हणजे देवमासे नव्हतेच?"
नव्हते.
मग रडली. देवमाशांसाठी रडली,
निदान आज तरी.

घराशी पोचलो तेव्हा अंधारलं होतं.
त्याच्या हातात चिप्सचं गरम पुडकं, खिशात किल्ली.
मीच करून दिली, महिना झाला.
तरी बोट बेलकडे गेलं,
आणि मागून मॅक्सन खेकसला,
"किल्ली आहे ना तुझ्याकडे?
चिप्स गार होतायत."