पाणी मागितलं होतं

सोळा वर्षं मी एसीतली गळती शोधतोय.
सांध्याला साबणाचं पाणी लावायचं,
थांबायचं.
फेस फुगला की बोट ठेवायचं, इथे.
नवी पोरं नुसता गॅस भरून मोकळी होतात,
महिन्यात पुन्हा फोन: थंड होत नाही.

मला कुणी साबण लावून पाहिला नाही.
कामावर वेळेत. पैसे गुहागरला वेळेत.
भांडण नाही, शिवी नाही.
"मापात घेतो," म्हणायचो,
आणि माप मोठं करत होतो मीच.
शुक्रवारची होती ती गुरुवारी सुरू झाली,
मग आठवड्याला वारच उरले नाहीत.
अजमानच्या बिनपाटीच्या दुकानातून
काळी पिशवी, टॅक्सीत दोन पायांत धरलेली,
शारजात शिरताना छातीत धडधड.
ती धडधडही आवडायला लागली होती.
सकाळी स्क्रू-ड्रायव्हर खाचेत बसायचा नाही.
दोन घोट गेले की बसायचा.
मला वाटायचं, हे औषध आहे.

जुलै. इंडस्ट्रियल एरियातली गच्ची.
हेल्पर इलियास, सिल्हेटचा, एकोणीस वर्षांचा,
कंडेन्सरच्या सावलीला टेकला तो उठेना.
ओठ पांढरे. "उस्ताद, पानी."
माझ्या पिशवीत बाटली होती,
लिटरची, निळ्या झाकणाची, भरलेली.
मी म्हटलं, नाही.
पुन्हा म्हणाला.
मी पिशवी मागे सरकवली.
कठडा धरत धरत चार मजले उतरला पोरगा
वॉचमनच्या नळापर्यंत.
वाचला.
आमच्याकडे वैऱ्यालासुद्धा
पाण्याला नाही म्हणत नाहीत.

रात्री खालच्या बंकवरच्या पारकरला सांगितलं.
दिलावर म्हणाला, "ठाऊक आहे रे.
दोन वर्षं तुझ्या बाटलीला तू कुणाला तोंड लावू दिलेलं नाहीस."

भावाने गावाहून पुडी पाठवली, चहातून घ्यायची.
मी आईच्या फोटोवर हात ठेवला: आजपासून बंद.
तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चालायला लागल्या,
ज्या इतर पाच जणांना दिसत नव्हत्या.
मग अंग आकडलं.
गुल जमानने काही न विचारता पिकअप काढला.
वाटभर माझ्या तोंडी एकच शब्द होता म्हणे,
व्हिसा, व्हिसा.

डॉक्टर म्हणाले, एकदम का सोडलीत?
अशी सोडताना माणूस जातो.
मी शाबासकीची वाट बघत होतो.
कोट्टायमची नर्स कागद घेऊन बसली.
किती? कधीपासून? सकाळी पहिला घोट किती वाजता?
प्रेशर बघताना मी विचारतो तसंच, राग नाही की कीव नाही.
मी निम्मं सांगितलं.
तिने दुप्पट लिहिलं.

सहा दिवस सलाईन, घड्याळाच्या ठोक्याला गोळ्या.
अंग थंड झालं.
पण हे गॅस भरणं झालं, एवढं मला कळत होतं.
गळतीसाठी दर मंगळवारी एक बाई,
साधं हिंदी बोलणाऱ्या.
त्यांनी विचारलं, संध्याकाळी सात ते नऊ काय करता?
सोळा वर्षांत
या दोन तासांना माझ्याकडे दुसरं नाव नव्हतं.

बायकोला फोन केला. शब्द जमवत होतो.
ती म्हणाली, "तुमच्याकडचे सात वाजायच्या आत
फोन उरकायचे मी.
त्यानंतर तुमचा आवाज दुसऱ्याचा असायचा."
तिला इतकी वर्षं ऐकू येत होतं.

मार्चमध्ये घसरलो. एक रात्र.
मंगळवारी जाऊन सांगितलं,
बाईंनी कागदावरची तारीख बदलली
आणि विचारलं, त्या दिवशी जेवला होतात का?

काल इलियास भेटला, आता दुसऱ्या टोळीत आहे.
मी बाटली पुढे केली.
तीच, निळ्या झाकणाची.
त्याने झाकण काढलं,
आधी वास घेतला.
मग प्यायला.