बारीक अक्षरं

आमच्या गावात उंच म्हणावं असं एकच काही आहे:
रुळांलगतचं धान्याचं लाकडी कोठार.
एकतीस वर्षं मी तिथे गहू तोलला.
चिमूटभर दाणे तोंडात टाकायचे, चघळायचे,
चीक किती धरतो त्यावरून प्रत सांगायची.
पुढे यंत्र आलं. तेही तेच सांगायचं.

आता नातीच्या पोटाला तो चीक सोसत नाही.
दारिया. वय वर्षं सात.
डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला.
मी दोनदा वाचला, घडी घातली,
आणि आपल्याच नावाची पावती असावी
तसा खिशात ठेवला.

मग घर साफ केलं.
टोस्टर शेजारच्या हॅल्वरला दिला.
लाकडी फळी गेली, लाकडी चमचे गेले.
स्टेफाचं लाटणं मात्र टाकवेना.
त्याच्या भेगांत चाळीस वर्षांचं पीठ मुरलेलं,
आणि तिचे हात.
वर्तमानपत्रात गुंडाळून ते गॅरेजमध्ये,
बर्फाच्या फावड्यांमागे उभं केलं,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखं.

पहिला घाणा.
तांदळाचं पीठ, टॅपिओका,
आणि झँथन गम नावाची पांढरी पूड, पाव चमचा,
जी गव्हाचं सोंग आणते.
घाईत लोणी पातळ करूनच ओतलं.
ओव्हनच्या काचेतून बघतो तर
बारा कुकीजचं एकच तळं.
उलथन्याने खरवडून उभ्याउभ्याच खाल्लं.
गोड होतं. कुकी नव्हती.

दुसरा घाणा म्हणजे वाळू.

तिसऱ्या वेळी गोळा फ्रीजमध्ये ठेवला
आणि चाळीस मिनिटं काहीच केलं नाही.
तांदळाला पाणी प्यायला वेळ लागतो,
गव्हासारखा तो लगेच जीव लावत नाही.
बाहेर उणे अठ्ठावीस.
खिडकीवर बर्फाचं जाळं आतून धरलेलं.

या वेळी कडा तांबूस, मध्ये बोट रुतेल इतकं मऊ,
चॉकलेट नुकतं सुस्तावलेलं.

दारिया आली. बूट काढले, हात कोपरापर्यंत धुतले.
कुकीजकडे पाहिलंही नाही.
"पाकिटं दाखव, गीडो."
एकेक पाकीट दिव्याखाली धरून
बोट ठेवून वाचत गेली,
कालपरवा अक्षरं जोडायला शिकलेली पोर,
लांब शब्दांवर अडखळत, न चिडता.
चॉकलेटच्या पाकिटाशी थांबली.
तळाशी, दुमडीच्या आत, मुंग्यांची एक रांग:
गव्हाचा अंश असू शकतो.

"असू शकतो म्हणजे आहे का?"

एकतीस वर्षं मी माणसांना
टक्क्यांत सांगितलं, दशांशासकट सांगितलं.
"असू शकतो" असं कधी कुणाला लिहून दिलं नाही.
म्हणालो, "माहीत नाही."
"मग नको," ती म्हणाली,
आणि सफरचंद मागितलं.
रडली नाही. तेच जड गेलं.

सोमवारी डबा कर्लिंग क्लबात नेला.
गव्हाशिवायच्या आहेत म्हटल्यावर
हॅल्वरचा हात हवेतच थबकला.
मग त्याने आणखी दोन उचलल्या.

बुधवारी सॅस्कटून. एकशे चाळीस किलोमीटर.
रस्त्यावरून बर्फ आडवा सरपटत होता,
दोन्ही बाजूंना गव्हाचे खुंट,
न केलेल्या दाढीसारखे.
दुकानात पोहोचलो आणि कळलं, चष्मा घरी.
माल लावणाऱ्या एका पोऱ्याला म्हटलं,
बाबा, एवढं वाचून दाखव.
त्याने आठ पाकिटं वाचली. आठही परत ठेवली.
नववं वाचून त्याने मान वर केली,
तेव्हा त्याचाही चेहरा
काही जिंकल्यासारखा झाला होता.

कोटाच्या शिवणींत अजून कोठाराची धूळ असेल,
म्हणून पाकीट दोन पिशव्यांत घालून आणलं,
शेजारच्या सीटवर ठेवलं,
पट्टा लावला.

आज शनिवार. गोळा फ्रीजमध्ये आहे.
चाळीस मिनिटांतली अकरा झाली.
मी सांगितलं, सगळं वाचलंय, दोघांनी वाचलंय.
ती माझा चष्मा नाकावर चढवून
टेबलाशी बसली आहे,
मिठापासून सुरुवात करते आहे.

वाचू दे.