धाग्याचं टोक

पहाटेचे तीन. कॅम्पिनासच्या बाहेर, उसाच्या शेतांपलीकडे
त्या गोल इमारतीत आमची पाळी.
इलेक्ट्रॉन इथे गरागरा धावतात
आणि वळताना प्रकाश सांडतात.
त्यातला डोळ्यांना न दिसणारा, उबेचा, आमच्या वाट्याला.

ओतासिलिओने रात्रीत चार झाकणं फाडली.
झाकण म्हणजे ग्राफीन, दोन अणूंच्या जाडीचं.
त्याखाली थेंब. थेंबात रेशीम,
अजून धागा न झालेलं.

पाणी ताकास तूर लागू देत नाही.
अवरक्त किरण आला की एका घोटात संपवतं.
म्हणून जड पाणी आणलं, महागाचं,
तेही पितंच, फक्त दुसरीकडे तोंड करून.

तीस वर्षं मी वाळवूनच पाहिलं सगळं:
पसरायचं, सुकवायचं, मोजायचं.
सुकलेल्याचा आलेख सुबक येतो.
मेलेला माणूसही फोटोत हलत नाही.

आई लोंद्रिनाच्या रेशीम गिरणीत होती.
उकळत्या पाण्यात कोश, कोशांत तिची बोटं.
कोरड्या कोशाला तोंड नसतं, झोराइदे, म्हणायची,
टोक ओल्यातच सापडतं.
घरी कॉफीचा कप तिला गरम की गार
कळायचं नाही. ओठाला लावून बघायची.

पाचवं झाकण.
सोन्याचा मुलामा दिलेली सुई खाली आणते.
सेकंदाला अडीच लाख वेळा ती ठोठावते,
आत मात्र पाऊल टाकत नाही.
प्रकाश तिच्या अग्राशी गोळा होतो,
वीसेक नॅनोमीटर बुडतो,
आणि तेवढ्यात विचारून येतो: कोण राहतं इथे?

सोळाशे पंचेचाळीस. सगळं विस्कटलेलं.
नळीतून आम्ल सोडलं.
चव्वेचाळीस.
मग बराच वेळ काही नाही. ओतासिलिओ केळं खातो,
साल खिशात ठेवतो, इथे कचऱ्याचा डबा लांब आहे.

आणि मग डाव्या कोपऱ्यात, एवढ्याशा जागेत,
सोळाशे बावीस.

तिथे त्याने घडी घातली होती.
शेजारचं अजून पाणीच,
आणि मधे कुठेतरी ते, जे दोन्ही नाही.
आम्ही कोणीच बोललो नाही.
बोटं आपोआप एकमेकांवर घासली गेली,
हातमोज्याच्या आत.

पाच वाजून बारा मिनिटांनी झाकण फाटलं.
नकाशाचे एक्केचाळीस ठिपके हाती, बाकी पांढरं.
ओतासिलिओने एक शिवी दिली, मग माझी माफी मागितली.

नोंदवहीत मी लिहिलं: टोक सापडलं.
ते खोडलं.
आकडा लिहिला.